वाचकांचे प्रश्न : पॅराशूटची घडी आणि वैमानिकाच्या अंगावरचे साहित्य

गेल्या अंकात हवाई दलातील तांत्रिक कामांविषयी लिहिताना पॅराशूटची घडी घालणाऱ्या आणि वैमानिकाचे साहित्य दुरुस्त करणाऱ्या कारागिरांचा एका वाक्यात उल्लेख केला होता. त्या वाक्यावर पुणे आणि परिसरातून बरीच पत्रे आली, म्हणून या वेळचे सदर त्याच विषयाला दिले आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत आणि पत्रलेखकांची नावे न छापता फक्त परिसर दिला आहे.

विमाननगरहून एक वाचक विचारतात : आमच्या गच्चीवरून लोहगावला उतरणारी सुखोई विमाने दिसतात. चाके टेकल्यावर शेपटीतून पॅराशूट उघडते. ते दर वेळी नवे लावतात का? आणि प्रवासी विमानांना ते का नसते?

नवे लावत नाहीत. सुखोई-३० एमकेआय विमाने २००२ पासून लोहगावला आहेत. त्यांच्या दोन इंजिनांच्या मधोमध शेपटीच्या टोकाशी हे ब्रेक पॅराशूट बसवलेले असते. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग निम्म्यावर आला की पॅराशूटची ओढ चौथाईवर येते. त्यामुळे विमान सर्वांत वेगात असते आणि चाकांचे ब्रेक सर्वांत जास्त तापले असते, नेमक्या त्याच काही क्षणांत हे कापड सर्वांत मोठे काम करते आणि उरलेले काम ब्रेकवर सोपवते. वेग उतरला की वैमानिक ते विमानापासून सोडून देतो आणि जमिनीवरचे लोक ते ताबडतोब उचलतात. ही घाई शिस्तीपुरती नसते. लोहगावची धावपट्टी प्रवासी विमानेही वापरतात आणि धावपट्टीवर मोकळे पडलेले कापड मागून येणाऱ्या विमानाच्या इंजिनात खेचले जाऊ शकते.

उचललेले पॅराशूट सेक्शनमध्ये, म्हणजे घडी आणि दुरुस्तीच्या विभागात, येते. तेथे त्यातले खडे आणि धूळ झटकतात, काँक्रीटवर घासून विरलेल्या जागा आणि तेलाचे डाग शोधतात, ओले असेल तर ते सावलीत टांगून वाळवतात आणि मग पुन्हा घडी घालतात. किती वेळा वापरले याची नोंद ठेवलेली असते आणि मर्यादा संपली की ते कापड धडधाकट दिसत असले तरी बाद होते. प्रवासी विमानांना लांब धावपट्ट्या मिळतात, त्यांची इंजिने झोत उलटा वळवून वेग कमी करू शकतात आणि दर तासाला उडणाऱ्या विमानासाठी प्रत्येक उतरणीनंतर घडी घालणारी माणसे ठेवणे कोणत्याही कंपनीला परवडणारे नाही. कॅराव्हेल या जुन्या फ्रेंच प्रवासी जेटच्या सुरुवातीच्या प्रकारांना मात्र शेपटीत असे पॅराशूट असे.

धनकवडीहून एक आई लिहितात : माझ्या मुलाला पॅराशूट आणि सुरक्षा साहित्याचे काम मिळाले आहे. नातेवाईक विचारतात, ‘सैन्यात जाऊन कापडाच्या घड्या घालतो का?’ मला उत्तर देता येत नाही. तो दिवसभर नेमके काय करतो?

ताई, नातेवाइकांना सांगा की होय, तो घड्याच घालतो आणि त्या घडीतली चूक पुन्हा कोणाला दिसत नाही. एवढे सांगून त्यांचे समाधान होणार नाही, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

छत्रीधारी सैनिकांची गोल पॅराशूट घेऊ. अमेरिकी सैन्याने १९५० च्या दशकापासून कित्येक वर्षे वापरलेले टी-१० हे त्यातले सर्वांत परिचित. त्याचा व्यास ३५ फूट, कापडाच्या लांबट पाकळ्या ३० आणि खाली येणाऱ्या दोऱ्या ३०. असे पॅराशूट घडीसाठी लांबच लांब, अरुंद टेबलावर अंथरतात. शेंड्याची बाजू एका टोकाला अडकवतात, पट्ट्यांची बाजू दुसऱ्या टोकाला, आणि मधले सर्व ताणतात. मग दोऱ्या पाहायच्या. एकही दोरी दुसरीवरून गेलेली नको, कोणत्याही दोरीला पीळ नको आणि डावीकडे जितक्या तितक्याच उजवीकडे हव्यात. त्यानंतर एकेक पाकळी वहीचे पान उलटावे तशी उलटायची, उजेडासमोर धरून छिद्र, भाजल्याचा डाग किंवा उसवलेली टीप दिसते का ते बघायचे आणि ती सपाट बसवायची. सर्व पाकळ्या बसल्या की कापडाची लांबट घडी होते आणि ती पिशवीत जाते. दोऱ्या मात्र गुंडाळत नाहीत. त्या पिशवीच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे अशा नागमोडी वळणांनी रबरी किंवा कापडी अडकणांत अडकवतात, म्हणजे बाहेर येताना एकेक वळण सुटत जाते आणि कोणतेही वळण दुसऱ्याला धरत नाही.

हा सगळा खटाटोप क्रमासाठी आहे. सैनिक उडी मारतो तेव्हा स्टॅटिक लाइन नावाची पट्टी त्याच्या पाठीवरील पॅराशूटपासून विमानातल्या तारेला अडकवलेली असते. तो बाहेर पडला की ती पिशवी ओढून काढते, आधी दोऱ्या पूर्ण ताणल्या जातात, मग कापड पिशवीतून बाहेर येते आणि सर्वांत शेवटी शेंड्याला बांधलेला बारीक दोरा ठरल्याप्रमाणे तुटून सैनिक विमानापासून मोकळा होतो. दोऱ्या ताणल्या जाण्यापूर्वीच कापड फुगले तर बसणारा हिसका कापड फाडू शकतो. टी-१० घेऊन उडी मारणारा चार सेकंद मोजतो आणि तेवढ्यात छत्री उघडली नाही तर राखीव पॅराशूटकडे वळतो. हजार फुटांवरून काहीच न उघडता पडणारा माणूस आठ-नऊ सेकंदांत जमिनीवर पोचतो, त्यामुळे ते चार सेकंद वजा करता हातात काय उरते याचा हिशेब नातेवाइकांनाही करता येईल.

आता दिवसाविषयी. टेबलावर लाकडी किंवा धातूच्या चपट्या पट्ट्या, दोरी ओढायचे आकडे आणि घडी हलू नये म्हणून ठेवायच्या शिशाच्या छऱ्यांच्या लांबट पिशव्या असतात. काम सुरू करताना या वस्तू मोजतात आणि पॅक बंद करण्याआधी पुन्हा मोजतात, कारण एखादी पट्टी आत राहिली तर ती हवेतच सापडेल. घडी चालू असताना कोणी हाक मारली तरी अर्ध्यावर सोडून जायचे नसते, आणि जावेच लागले तर परतल्यावर निदान शेवटच्या तपासलेल्या टप्प्यापर्यंत मागे यायचे असते. तुमचा मुलगा जेवणाच्या सुट्टीत फोन उचलत नसेल तर रागावू नका, इतकेच सांगतो.

सदाशिव पेठेतील एक निवृत्त शिक्षक : घडी एक जण घालतो आणि दुसरा तपासतो असे म्हणतात. पिशवी एकदा बंद झाल्यावर दुसरा नेमके काय तपासतो? बाहेरचे कापड? मग ही तपासणी शिक्का मारण्यापुरतीच म्हणायची का? आणि घडी घालणाऱ्यालाच त्याने घातलेल्या पॅराशूटने उडी मारायला का लावत नाहीत?

सर, आपण नेमक्या दुखऱ्या जागी बोट ठेवले आहे. बंद पॅराशूटची चाचणी घ्यायची तर ते उघडावे लागते, आणि उघडले की ज्याची चाचणी घ्यायची ती घडीच नाहीशी होते. दारूगोळ्यातून मूठभर नमुने उडवून बाकीच्या खेपेविषयी काही सांगता येते. येथे प्रत्येक घडी हाताने घातलेली असल्याने एका घडीवरून दुसरीविषयी फारसे काही सांगता येत नाही. म्हणूनच या व्यवसायातील सर्व तपासणी पिशवी बंद होण्यापूर्वी उरकलेली असते. घडीच्या वाटेत ठरलेले थांबे असतात : दोऱ्या ताणून झाल्या की थांबायचे, पाकळ्या बसल्या की थांबायचे, दोऱ्या अडकवून झाल्या की थांबायचे. प्रत्येक थांब्यावर तपासनीस येऊन पाहत नाही तोवर पुढचा हात लावायचा नाही. बंद पॅकवर तो जे पाहतो ते आपण म्हणता तसे बाहेरचेच असते, म्हणजे पिना सरळ आहेत का, सील शाबूत आहे का, कार्डावरची तारीख आणि सही जुळते का. या शेवटच्या पाहणीलाच कोणी तपासणी समजत असेल तर आपला टोमणा त्याला शंभर टक्के लागू आहे.

उडीविषयी. अमेरिकी सैन्यातील पॅराशूट रिगर, म्हणजे घडी घालणारा कारागीर, स्वतः उडी मारण्यास पात्र असावाच लागतो आणि त्याने घडी घातलेले कोणतेही पॅराशूट घेऊन उडी मारण्याची त्याची तयारी असावी लागते. त्यांची लाल टोपी आणि ‘मी नेहमी खात्री करीन’ अशा अर्थाचे ब्रीद प्रसिद्ध आहे. अमेरिकी नौदलाच्या या शाखेतही प्रशिक्षणार्थी स्वतः घडी घातलेल्या पॅराशूटने उडी मारत असत. या प्रथेविषयी मला आदर आहे, पण तिच्यावर फार भिस्त ठेवू नये असे माझे स्पष्ट मत आहे. उडीमुळे कारागिराला आपण कोणासाठी राबतो हे कळते, आळशी माणूस या कामाकडे फिरकत नाही आणि सैनिकांचा विश्वास बसतो. परंतु एकमेकींवरून गेलेल्या दोन दोऱ्या भीतीमुळे दिसत नाहीत. त्या दिसतात थांबल्याने, मोजल्याने आणि दुसऱ्याचे डोळे तेथे आल्याने. शिवाय एका वर्षात शेकडो घड्या घालणारा माणूस त्यातल्या किती घेऊन उडी मारू शकेल?

डोळ्यांनाही मर्यादा असते याचे एक उदाहरण देतो. १९८० च्या दशकात नागरी पॅराशूट क्षेत्रात काही गोल राखीव पॅराशूटच्या जाळीच्या कापडात आम्लता आढळली. जाळीला लागून असलेले नायलॉन त्या आम्लाने कमकुवत झाले होते, पण दिसायला ते नव्यासारखे होते. घडी निर्दोष, दोऱ्या सरळ, सह्या पूर्ण, आणि कापड मात्र हाताने ओढले तरी फाटावे अशा अवस्थेत. तेव्हापासून संशयित पॅराशूटच्या जाळीवर ब्रोमोक्रेसॉल ग्रीन या रंग बदलणाऱ्या रसायनाचा थेंब टाकून आम्लता पाहणे आणि कापड चिमट्यांत धरून ठरावीक वजनाची ओढ देऊन पाहणे सुरू झाले. थांबे कोठे ठेवायचे हे अशा प्रसंगांतूनच ठरत जाते.

आणि कार्डावरची सही शोभेची नसते. अमेरिकेत नागरी रिगरला परवान्याबरोबर स्वतःच्या खुणेचा सील-ठसा मिळतो. राखीव पॅराशूट बंद करताना लाल दोरा आणि शिशाचे सील लावतात, त्यामुळे कोणते पॅराशूट कोणाच्या हातून गेले हे वर्षांनंतरही कळते. सीनियर रिगर होण्यासाठी एका प्रकारची किमान २० पॅराशूट देखरेखीखाली पॅक केलेली असावी लागतात. मास्टर रिगरला तीन वर्षांचा अनुभव आणि दोन प्रकारांची प्रत्येकी १०० अशी अट आहे.

हडपसरहून एक शिलाई व्यावसायिक : मी बॅगा आणि ताडपत्रीचे काम करते. जड कापडाची मशीन माझ्याकडे आहेत. पॅराशूटची शिलाई आमच्या शिलाईपेक्षा वेगळी ती काय?

यंत्रे ओळखीचीच आहेत. साधी लॉकस्टिच, झिगझॅग, दुहेरी सुईची आणि ताण येणाऱ्या जागी दाट टाके मारणारी बारटॅक मशीन या दुरुस्ती विभागातही असतात. वरचा दोरा आणि बॉबिनचा दोरा यांचा ताण सारखा आहे की गाठ खालच्या अंगाला ओढली जाते आहे हे तुम्ही टीप पाहून सांगू शकत असाल तर निम्मे शिक्षण झालेले आहे. नवशिक्यांना सर्वांत जास्त वेळ याच गोष्टीला लागतो.

फरक टाक्यांच्या हिशेबात आहे. बॅगेचा बंद उसवू नये म्हणून तुम्ही त्यावर दोनदा-तीनदा टीप मारता आणि गिऱ्हाईक खूश होते. पातळ नायलॉनवर तीच माया घात करते, कारण जास्त टाके म्हणजे सुईची जास्त छिद्रे, आणि छिद्रांची दाट रांग टपाल तिकिटांच्या तावासारखी फाडायची रेघ तयार करते. म्हणून इंचाला किती टाके, कोणत्या जाडीचा दोरा, टीप काठापासून किती आत आणि शेवटी किती उलटे टाके हे सर्व आराखड्यात लिहिलेले असते. ठिगळाचा आकार आणि एका पाकळीत किती ठिगळे चालतील हेही ठरलेले असते. रफू नावाचा प्रकार नाही. पट्टा सुटू नये म्हणून चौकोन आणि त्यात फुली अशी जी टीप तुम्ही बॅगांना मारता तीच हार्नेसला, म्हणजे माणसाला पॅराशूटशी बांधणाऱ्या पट्ट्यांना, असते, पण त्या टिपेवर माणसाचे पूर्ण वजन हिसक्यासह येणार असल्याने जुनी टीप पूर्ण उसवल्याशिवाय तिच्यावर नवी मारत नाहीत. पट्टा तापलेल्या सुरीने कापून कड वितळवून बंद करतात. ती कडक कड दुसऱ्या कापडाला घासणार नाही अशी बसवावी लागते.

नायलॉनवर नायलॉन वेगाने घासले तर तेथे उष्णतेने कापड वितळते, हे तुमच्या व्यवसायात फारसे लक्षात ठेवावे लागत नाही. येथे पॅराशूट उघडताना दोरी कापडावरून सरकली तर चकचकीत, कडक झालेला डाग उरतो. तो डाग दिसला की तेवढे कापड गेले असे समजायचे. तुमच्या कामात कापड गिऱ्हाइकाच्या सोयीने बेतायचे असते आणि चांगला कारागीर मनाने चार गोष्टी सुधारतो. येथे मनाने सुधारणा करणारा हुशार कारागीर सर्वांत धोकादायक ठरतो. ही सवय सोडता आली तर तुमच्या हातांना हे काम अवघड नाही.

रास्ता पेठेतून एक वाचक : जुन्या बाजारात सैन्याच्या पॅराशूटचे कापड आणि दोऱ्या स्वस्तात मिळाल्या. मुलगा त्यातून उडी मारण्याचे काही करता येईल म्हणतो.

करू नये. ते कापड बाजारात आले याचाच अर्थ ते कोणीतरी बाद केले आहे, आणि का बाद केले हे सांगणारे कार्ड त्याच्याबरोबर आलेले नाही. ऊन, घाम, बॅटरीचे आम्ल किंवा केवळ वय यांपैकी कशाने त्याची ताकद गेली हे नुसत्या नजरेला कळत नाही. गणपतीच्या मांडवाला छत म्हणून छान दिसेल. दोऱ्या मात्र झोपाळ्यालाही वापरू नका.

डेक्कनवरून एक महाविद्यालयीन विद्यार्थी : ‘उड्डाण साहित्य’ म्हणजे पॅराशूटखेरीज आणखी काय असते?

लढाऊ विमानात बसलेल्या वैमानिकाकडे खालून वर पाहू. पाय, मांड्या आणि पोट यांभोवती जी-सूट असतो. विमान जोरात वळले की त्यातील फुगे हवेने भरतात आणि रक्त खाली साचू देत नाहीत, नाहीतर मेंदूला रक्त कमी पडून वैमानिकाची शुद्ध जाते. हा सूट ठरावीक दाबाने फुगवून गळती आहे का ते पाहतात. छातीवर जीवरक्षक जॅकेट, त्यात कार्बन डायऑक्साइडची छोटी नळकांडी. ती भरलेली आहे की हळूहळू रिकामी झाली हे तिचे वजन करून कळते. तोंडावर ऑक्सिजन मास्क. त्यातील झडपा, मायक्रोफोन आणि नळी वेगवेगळी तपासावी लागतात. दाढी वाढली किंवा वजन उतरले तरी मास्कची बसण बदलते, म्हणून वैमानिकाला समोर बसवून तो पाहिला जातो. ऑक्सिजनच्या साहित्याजवळ तेल-ग्रीस लागलेला हात नेणे सक्त मना असते, कारण शुद्ध ऑक्सिजनमध्ये ग्रीस पेट घेऊ शकते. डोक्यावर हेल्मेट, त्याची काच, आतल्या गाद्या.

बसायच्या जागेखाली जगण्याचे सामान असते : फुगणारी छोटी होडी, आरसा, धूर आणि प्रकाशाचे संकेत, आणि आपले ठिकाण कळवणारा रेडिओ बीकन. बीकनच्या बाबतीत एक मोठा बदल झाला. १२१.५ मेगाहर्ट्झवरचे संकेत उपग्रहांनी ऐकणे १ फेब्रुवारी २००९ पासून बंद झाले आणि सर्व भिस्त ४०६ मेगाहर्ट्झवर आली. अशा वेळी जुने यंत्र चालू असूनही शोधाच्या दृष्टीने लंगडे होते आणि सेक्शनला संपूर्ण साठा बदलावा लागतो.

या सर्वांच्या खाली इजेक्शन सीट, म्हणजे संकटात वैमानिकाला विमानाबाहेर फेकणारी खुर्ची. सुखोईत रशियन के-३६ कुळातील, तेजसमध्ये ब्रिटिश मार्टिन-बेकर. मार्टिन-बेकरच्या सीटमधून जिवंत माणूस प्रथम बाहेर फेकला गेला तो २४ जुलै १९४६ रोजी. धावपट्टीवर उभ्या विमानातूनही आता वैमानिक वाचू शकतो. त्यासाठी पॅराशूट डोक्यामागच्या पेटीत यंत्राने दाबून, जवळजवळ विटेइतके घट्ट बसवलेले असते. सीटमधील स्फोटक काडतुसांचे काम वेगळ्या प्रशिक्षणाच्या लोकांकडे असते. पॅराशूट आणि काडतूस यांच्या मुदती एकाच वेळी संपत नाहीत, त्यामुळे तारखांची वही हीच या विभागाची खरी तिजोरी. देशोदेशी या कामाची नावे निराळी आहेत. अमेरिकी हवाई दलात एअरक्रू फ्लाइट इक्विपमेंट, ब्रिटिश हवाई दलात सर्व्हायव्हल इक्विपमेंट फिटर, ज्यांना लाडाने स्क्विपर म्हणतात.

वारज्याहून एक विद्यार्थिनी : मला याच कामात जायचे आहे. थेट हाच ट्रेड मागता येतो का? पुढे नागरी नोकरी मिळते का?

हवाई दलात सध्या प्रवेश अग्निवीरवायू म्हणून होतो आणि मुलींनाही होतो. गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजीसह बारावीला किमान ५० टक्के आणि इंग्रजीत स्वतंत्रपणे ५० टक्के ही विज्ञान शाखेची नेहमीची अट आहे. अभियांत्रिकी पदविकेचा आणि विज्ञानेतर शाखांचाही मार्ग आहे. वयाची आणि इतर अटींची खात्री ताज्या जाहिरातीवरूनच करावी, क्लासच्या फलकावरून नव्हे. ट्रेड मागून मिळत नाही, दलाच्या गरजेनुसार दिला जातो. मुदत चार वर्षांची आणि त्यानंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना नियमित सेवेत घेतले जाते. म्हणून ‘हेच काम हवे’ असा हट्ट असेल तर दुसरे दरवाजेही पाहा. कानपूरचा १९४१ चा ऑर्डनन्स पॅराशूट कारखाना ऑक्टोबर २०२१ पासून ग्लायडर्स इंडिया लिमिटेड या सरकारी कंपनीच्या नावाने चालतो, आणि आग्र्याची एडीआरडीई ही डीआरडीओची प्रयोगशाळा पॅराशूटचे संशोधन करते. गगनयानच्या यानासाठी लागणारी पॅराशूटही तेथलीच. एका यानाला दहा : वरचे झाकण ओढणारी दोन, वेग आवरणारी दोन, मोठ्यांना बाहेर खेचणारी तीन आणि मुख्य तीन, ज्यांतली दोन उघडली तरी यान सुखरूप उतरते. २४ ऑगस्ट २०२५ रोजी हेलिकॉप्टरमधून यानाची प्रतिकृती सोडून या साखळीची चाचणी झाली.

अभियंता व्हायचे असेल तर वस्त्रतंत्रज्ञान किंवा यांत्रिकी, हाताने काम करायचे असेल तर आयटीआयचा सिव्हिंग टेक्नॉलॉजी, असा माझा सल्ला राहील. नागरी नोकऱ्या आपल्याकडे थोड्या आहेत हे लपवण्यात अर्थ नाही. परंतु मुदती सांभाळणे, टप्प्याटप्प्याने तपासणे आणि सहीची जबाबदारी घेणे ही सवय विमान दुरुस्ती आणि औद्योगिक सुरक्षा पट्टे यांच्या कंपन्यांना हवी असते.

तुम्ही पुण्याच्या स्कायडायव्हर पद्मश्री शीतल महाजन यांनी २०१८ मध्ये नऊवारी नेसून मारलेल्या उडीविषयीही विचारले आहे. कापडाचा कोणताही मोकळा भाग पॅराशूटच्या मुठीवर येऊ नये आणि दोऱ्यांच्या वाटेत जाऊ नये, एवढाच त्यातला तांत्रिक मुद्दा. नेसण जागच्या जागी पक्की केली तर नऊवारीच काय, काहीही चालते.

खडकीहून एक निवृत्त सैनिक : १९७१ च्या टांगाईलच्या उडीत आमच्या ओळखीचे लोक होते. एवढी पॅराशूट तेव्हा कोठून आली यावर कोणी लिहीत नाही. आणि दुसऱ्या महायुद्धात रेशीम संपल्यावर काय केले?

११ डिसेंबर १९७१ रोजी दुसऱ्या पॅरा बटालियनचा गट आजच्या बांगलादेशातील टांगाईलजवळ पुंगली पूल ताब्यात घेण्यासाठी उतरला. माणसे सातशेच्या वर, आणि प्रत्येकाच्या पाठीवर एक मुख्य पॅराशूट. शिवाय तोफा, जीपगाड्या आणि दारूगोळा यांची वेगळी. लढाईचा दिवस आधीपासून माहीत नसतो आणि घडीची मुदत मात्र चालू असते, म्हणून साठा सतत उघडत, वाळवत आणि पुन्हा बांधत ठेवावा लागतो. अमेरिकी सैन्यात मुख्य आणि राखीव पॅराशूटची घडी ठरलेली मुदत संपली की नव्याने घालतात. वापरलेले असो वा नसो. शांततेच्या काळात हे काम वायफळ वाटते, खर्चावर बोट ठेवणारे अधिकारीही भेटतात, आणि त्यांना उत्तर म्हणून दाखवायला टांगाईलसारखी एखादीच संध्याकाळ असते.

रेशमाचा प्रश्न चांगला आहे. युद्धात जपानी रेशीम बंद झाले आणि माणसांच्या पॅराशूटमध्ये नायलॉन आले. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर ब्रिटिश-भारतीय चौदाव्या सेनेला मात्र रसद टाकायलाही पॅराशूट पुरत नव्हती. तेव्हा तिचे सेनापती जनरल स्लिम यांच्या लोकांनी कलकत्त्याच्या ताग गिरण्यांकडून गोणपाटासारख्या तागाची पॅराशूट करून घेतली. ती नेहमीच्या पॅराशूटच्या सुमारे ८५ टक्के काम देत आणि किंमत पौंडाच्या आसपास, म्हणजे मूळच्या साधारण विसावा भाग. तांदळाचे पोते थोडे जोरात आपटले तर चालते. त्यावर माणूस कधी सोडला नाही आणि ज्यांनी ती बनवली त्यांनाही तसे वाटले नाही, यातच त्यांचे शहाणपण होते.

कामशेतला पॅराग्लायडिंग करणारे एक वाचक : पावसाळ्यात उड्डाण बंद असते. त्या काळात राखीव पॅराशूट तसेच ठेवले तर चालेल का?

नायलॉनला स्वतःहून बुरशी लागत नाही, पण त्यावरच्या मळाला आणि घामाला लागते. धातूच्या कड्या गंजतात आणि तो गंज कापडाला खातो. महिनोन्‌महिने दाबून ठेवलेल्या घडीतील ओल बाहेर पडत नाही. म्हणून हंगाम संपला की पॅराशूट उघडा, एक दिवस सावलीत, वारा खेळेल अशा खोलीत टांगा, उन्हात मुळीच नको, आणि कोरड्या जागी सैल ठेवा. गोदामात उंदीर नाहीत याची खात्री करा. समुद्रावर पडून खाऱ्या पाण्यात भिजले असेल तर वाळण्यापूर्वीच गोड्या पाण्यात खळबळून घ्या, कारण मीठ सुकले की त्याचे कण धाग्यांना कापतात. ऑक्टोबरमध्ये पहिल्या उड्डाणापूर्वी प्रशिक्षित माणसाकडून नवी घडी घालून घ्या. उत्पादकाच्या पुस्तिकेत दिलेली मुदत, जी बहुधा सहा ते बारा महिन्यांची असते, तीच पाळा. व्हिडिओ पाहून स्वतः घडी घालणाऱ्यांची पत्रे मला येतात. त्यांनी निदान पहिल्या काही घड्या जाणत्या माणसासमोर, त्याने थांबवले तेथे थांबून घालाव्यात, आणि घडी कोणी व कोणत्या तारखेला घातली हे कार्डावर लिहून ते कार्ड पॅराशूटबरोबरच ठेवावे.